काळजातला ‘ध’चा ‘मा’

सोनोग्राफीच्या खोलीत दिवा मंद असतो. पोटावर थंडगार जेल, बरगडीखाली दाबून फिरवलं जाणारं ते यंत्र, आणि ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ असं सांगणारा एक आवाज. दर सहा महिन्यांनी मी ही तपासणी करून घेतो, त्यामुळे त्याची सवय झाली आहे. पण गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ‘धरा’नंतर ‘सोडा’ यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. यंत्र त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरलं. रिपोर्टात एक ओळ जास्तीची आली. यकृताच्या उजव्या भागात आठ मिलिमीटरचा ठिपका.

आठ मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याचा एक दाणा. आमचे डॉक्टर मला थट्टेनं ‘कविराज’ म्हणतात. ते म्हणाले, ‘कविराज, एक सेंटिमीटरच्या आतल्या ठिपक्याला आज नाव देता येत नाही. घाबरू नका. तीन महिन्यांनी पुन्हा बघू.’

तीन महिने! मी बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. कविता लिहिल्या, आणि पोटासाठी छापखान्यात प्रुफं वाचली. विज्ञानाशी संबंध शाळेतच सुटला. पण त्या तीन महिन्यांत झोप येईना, तेव्हा डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून, एकच गोष्ट समजून घेत बसलो. यकृताचा कर्करोग हरभऱ्याएवढा असतो तेव्हा तिथे नेमकं काय चाललेलं असतं? जे उमगलं ते माझ्या भाषेत तुमच्यापुढे ठेवतो.

आधी त्या अवयवाबद्दल. आपण मराठीत ‘काळीज’ म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो. पण संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत. उर्दू गझलेतलं ‘जिगर’ म्हणजेही यकृतच. आमचं शहर वली आणि सिराजचं. तीनशे वर्षं इथले शायर आपलं जिगर जळाल्याची तक्रार करत आले आहेत. खरं यकृत मात्र कसलीच तक्रार करत नाही. त्याच्या आतल्या पेशींना वेदनेची जाणीव नाही. दुखतं ते त्याच्यावरचं आवरण ताणलं गेल्यावर, म्हणजे गाठ बरीच मोठी झाल्यावर.

माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं. भाईजान सिल्लोड तालुक्यात मक्याचा व्यापार करायचे. चहाखेरीज कशाचं व्यसन नाही. एका उन्हाळ्यात उजव्या कुशीत दुखायला लागलं, वजन उतरलं. तपासणी झाली तेव्हा गाठ नऊ सेंटिमीटरची होती. पाच महिन्यांत ते गेले. दफनविधीला आलेल्यांपैकी कुणीतरी कुजबुजलं, ‘पीत असतील गुपचूप.’ ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. दारूनं यकृत बिघडतं हे खरंच आहे. अलीकडे मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारी यकृताची चरबीही मोठं कारण ठरते आहे. पण दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसालाही हा रोग होतो, आणि त्याचं एक फार मोठं कारण म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू. आपल्याकडे खेड्यापाड्यांत तिला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात.

भाईजानच्या रक्तात तो निघाला. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. बहीण सुटली. अम्मी आणि मी सापडलो. माझ्या रिपोर्टात शब्द होते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’. मी ऑस्ट्रेलिया नकाशातच पाहिलेला! मग त्या नावाची गोष्ट कळली. अमेरिकेतले डॉ. बारुख ब्लुम्बर्ग जगभरातल्या माणसांच्या रक्ताचे नमुने गोळा करून ताडून पाहत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याबद्दल त्यांनी १९६५ मध्ये लिहिलं. पुढे कळलं की ते या विषाणूचं बाहेरचं कवच आहे. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जग हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हा विषाणू अंगात घेऊन जगणारे लोक सुमारे २ कोटी ९८ लाख होते. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. मलाही नव्हतं.

आता हा विषाणू कर्करोग कसा घडवतो? इथे माझा छापखाना कामाला आला.

आपल्या प्रत्येक पेशीत एक पोथी आहे. तिची लिपी चारच रासायनिक अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. सगळी मिळून सुमारे तीनशे कोटी अक्षरं. त्यातले जे परिच्छेद वाचून पेशी एखादं प्रथिन बनवते, त्यांना जनुकं म्हणायचं. पेशी दुभंगून दोन होताना ही सगळी पोथी नकलून काढावी लागते. नकलताना चुका होतात, आणि पेशीतले मुद्रितशोधक त्या दुरुस्तही करतात. यकृताची मुख्य पेशी एरवी फारशी दुभंगत नाही. पण विषाणूमुळे तिथे वर्षानुवर्षं जळजळ चालू राहिली, तर पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी नव्या येत राहतात, नकला वाढत जातात आणि निसटलेल्या चुका साचत जातात.

त्यात हा विषाणू आणखी एक उद्योग करतो. त्याची स्वतःची पोथी जेमतेम ३,२०० अक्षरांची. तिचे तुकडे तो आपल्या पोथीत मधेच घुसडून देतो. जुन्या ग्रंथांत नकलणारे आपल्या पदरच्या ओव्या घालायचे, त्यांना आपण क्षेपक म्हणतो. आमच्या जिल्ह्यातल्या पैठणला एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असले अपपाठ काढूनच. यकृताच्या पेशीला मात्र नाथ भेटत नाहीत. क्षेपक एकदा बसलं की बसलं. आजची औषधं विषाणूची वाढ रोखतात, हे घुसलेले तुकडे काढू शकत नाहीत. मी रोज एक गोळी घेतो. तिनं धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही.

गाठ अगदी लहान असताना सापडणाऱ्या चुकांत एक चूक फार महत्त्वाची आहे. तिच्या जनुकाचं नाव ‘टर्ट’. हे जनुक टेलोमरेज नावाच्या प्रथिनाचा मुख्य भाग बनवतं. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना बुटाच्या नाडीला असते तशी टोपणं असतात. दर दुभंगण्याला ती थोडी झिजतात. पुरती झिजली की पेशी थांबते. म्हणजे निसर्गानं प्रत्येक पेशीला मोजून दिलेलं आयुष्य. टेलोमरेज ती टोपणं पुन्हा लांब करतं. मोठ्या माणसाच्या यकृताच्या पेशीत ते बंद ठेवलेलं असतं. पण ते केव्हा उघडायचं हे सांगणारी एक ओळ जनुकाच्या मजकुराआधी असते. त्या ओळीत, मजकूर सुरू होण्याच्या १२४ अक्षरं आधी, एका ‘सी’चा ‘टी’ होतो. एकच अक्षर! तेवढ्यानं बंद कुलूप उघडतं आणि पेशीला मरणच उरत नाही.

पॅरिसच्या संशोधकांनी २०१४ मध्ये यकृतातल्या गाठी पायरीपायरीनं तपासल्या. कर्करोग न झालेल्या पण बिघडू लागलेल्या साध्या गाठींत ही चूक सुमारे ६ टक्क्यांत आढळली, जास्त बिघडलेल्या गाठींत १९ टक्क्यांत आणि अगदी सुरुवातीच्या कर्करोगात ६१ टक्क्यांत. म्हणजे उंबरठा ओलांडताना बहुधा हीच चूक हातात असते. विषाणूचे घुसलेले तुकडेही पुष्कळदा याच जनुकाच्या शेजारी सापडतात. कुठूनही आलं तरी कुलूप तेच.

दुसरी चूक आपल्या शेतीच्या जवळची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पेशीत पी-५३ नावाचं एक पहारेकरी प्रथिन असतं. पोथी बिघडलेली दिसली की ते पेशीला दुभंगू देत नाही, फारच बिघडली असेल तर मारून टाकतं. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या शब्दांत वाचली जातात. पी-५३च्या जनुकात २४९वा शब्द आहे ‘एजीजी’. त्याचा ‘एजीटी’ झाला की पहारेकरी निकामी होतो. आपल्याला शाळेत आनंदीबाईंची कथा सांगितलेली असते. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असा हुकूम होता, त्यात ‘ध’चा ‘मा’ झाला. कथा किती खरी ते इतिहासकार पाहतील, पण यकृताच्या पेशीत हे खरोखर घडतं, आणि ‘ध’चा ‘मा’ करणारा हातही ओळखता येतो. तो हात आहे बुरशीचा.

ओलसर मक्यावर, शेंगदाण्यावर पिवळसर हिरवी बुरशी चढते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष निघतं. यकृतात गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि ते पोथीतल्या ‘जी’ या अक्षराला जाऊन चिकटतं. १९९१ मध्ये चीनच्या ची-तुंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या रुग्णांच्या गाठींत, दोन वेगवेगळ्या गटांना, बऱ्याच गाठींत त्याच २४९व्या शब्दात तोच बदल सापडला. गुन्हेगारानं सही करून जावं तसं! आणि १९९२ मध्ये शांघायच्या १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत दिसलं की ज्यांच्या अंगात हिपॅटायटिस बी आणि लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा, दोन्ही होत्या, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साठपट होता. दोन कारणांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

हे विष आपल्यालाही परकं नाही. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी गावांत काविळीची साथ आली. शंभरावर माणसं दगावली. त्याच घरातल्या भाकरी खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं ते हेच. आमच्या सिल्लोड-कन्नडकडे मका काढणीला आला की हटकून अवकाळी येतो, आणि ओट्यावरचा ढीग ताडपत्रीखाली वाफाळत बसतो. बुरसलेला माल जनावरांना घालतात, कधी चांगल्या मालात मिसळतात. रांधून, भाजून हे विष नीटसं जात नाही. भाईजान तीस वर्षं तो मका हाताळत होते, आणि घरी भाकरीही त्याचीच. त्यांच्या गाठीत तो २४९वा शब्द बदललेला होता का, हे कुणी तपासलं नाही. तपासलं असतं तरी उपचारात तेव्हा फरक पडला नसता.

इथवर झाली अक्षरांची गोष्ट. पण चुका झालेल्या पेशी शरीर ओळखून मारतं ना? मग इथे पहारेकरी करतात काय?

आमचं शहर बावन्न दरवाजांचं. समजा, दिल्ली दरवाजावरचा पहारेकरी आत येणाऱ्या प्रत्येक गाडीवानावर तलवार उपसू लागला, तर दुपारपर्यंत बाजार बंद पडेल. यकृत हा आतड्यांच्या रस्त्यावरचा असाच दरवाजा आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, अन्नाचे आणि जंतूंचे असंख्य परके कण घेऊन. त्या सगळ्यांवर हल्ला करायचा नाही, ही यकृताची रीतच आहे. तिथले पहारेकरी मुळातच सोशिक. विषाणूला आणि पुढे गाठीला हीच सोशिकता उपयोगी पडते.

विषाणूच्या बाबतीत वयाचाही मोठा खेळ आहे. धडधाकट मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर त्याची प्रतिकारशक्ती तो बहुधा झटकून टाकते; शंभरात पाच किंवा त्याहून कमी जणांतच तो कायमचा राहतो. पण जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्काम ठोकतो. नवजात शरीराला अजून आपलं-परकं कळलेलं नसतं.

हे मी अम्मीला सांगायला नको होतं. ती ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, ‘मेरे सेच लग्या क्या रे तुम दोनों कू?’ मी म्हटलं, ‘नहीं अम्मी, सुई से लग्या.’ आणि ते खोटंच होतं असंही नाही. आमच्या लहानपणी गावात एकच काचेची सिरिंज, एकच सुई, पाण्यात उकळली न उकळली की पुढच्याच्या दंडात. अगदी २००९ मध्येही गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजांतून या काविळीची साथ पसरून अनेक माणसं गेली. आमच्या घरात तो कुठल्या वाटेनं आला हे आता कुणीच सांगू शकत नाही. अम्मीनं पुन्हा विचारलं नाही.

तर पहारेकरी. ते वीस-तीस वर्षं विषाणूशी झुंजत उभे असतात. त्यांतल्या मारेकरी टी-पेशी हळूहळू थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाची एक कळ वर येते. ती दाबली की त्या शस्त्र खाली ठेवतात. ही कळ जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडली. त्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. दुसऱ्या एका प्रकारच्या टी-पेशी शांतता राखणाऱ्या. मारेकऱ्यांनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना आवरणं हे त्यांचं काम. त्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. गाठ लबाड असते. ती या शांततावाल्यांनाच आपल्याभोवती गोळा करते. बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांतल्या ५,०६३ टी-पेशी एकेक करून वाचल्या, तेव्हा गाठीत हेच चित्र दिसलं: मारेकरी हजर पण थकलेले, आणि शांततावाल्यांची गर्दी.

सगळ्या गाठी सारख्या नसतात, हे मात्र मला नवं होतं. सुमारे चौथ्या हिश्शाच्या गाठींत पहारेकऱ्यांची दाट वस्ती असते. काही गाठींत ते फिरकतच नाहीत. आणि याचा धागा पुन्हा अक्षरांशी जुळतो. बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात चूक झाली, तर पुष्कळदा गाठ पहारेकऱ्यांना बोलावणारे निरोपच पाठवत नाही. पोथीतली चूक दरवाजावरचा पहारा बदलते. पीडी-१ची कळ निकामी करणारी औषधं कुणाला लागू पडतील, याचा शोध त्यामुळेच या दोन्ही गोष्टी एकत्र वाचून चालला आहे. अशाच जातीचं औषध दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनं २०२० पासून वाढलेल्या रोगात वापरलं जातं. लहान गाठ काढल्यावर ती परत येऊ नये म्हणून तीच जोडी देऊन पाहिली. २०२३ मध्ये निकाल आशादायक वाटले, पण २०२४ मध्ये जास्त काळाचे आकडे आले तेव्हा फायदा टिकलेला दिसला नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस.

मग सुरुवातीचा रोग पकडायचा कसा? रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन मोजतात. १९६३ मध्ये मॉस्कोच्या गॅरी अबेलेव्ह यांनी यकृताची गाठ असलेल्या उंदरांत ते शोधलं. एरवी ते गर्भात बनतं, जन्मानंतर बंद होतं. गाठीतल्या पेशींना जणू बालपण आठवतं. पण लहान गाठींपैकी बऱ्याच गाठी हे प्रथिन सोडतच नाहीत. रक्तात तरंगणारे गाठीच्या पोथीचे तुकडे शोधण्याच्या चाचण्यांवर काम चालू आहे. रोजच्या वापरात त्या अजून स्थिरावलेल्या नाहीत. म्हणून हातात राहते ती साधी सोनोग्राफी, सोबत ही रक्ततपासणी. शांघायमध्ये १८,८१६ लोकांवर हे पाहिलं गेलं. २००४ मध्ये निकाल आला: ज्या गटाला दर सहा महिन्यांनी या दोन तपासण्या देऊ केल्या, त्यात यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्के कमी. तेही त्यातल्या बऱ्याच जणांनी तपासण्या चुकवल्या असताना! लहान गाठ कापून काढता येते, सुईनं तिथल्या तिथे जाळता येते, काहींना यकृत बदलून मिळतं. नऊ सेंटिमीटरला यातलं काही करणं फार कठीण. भाईजानना कुणी कधी पोटावर ते थंड जेल लावलंच नव्हतं.

आणि या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे लस. हिपॅटायटिस बीची लस म्हणजे कर्करोग टाळणारी जगातली पहिली लस. तैवाननं १९८४ मध्ये बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या लहान मुलांतला यकृताचा कर्करोग दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आला. आजची लस विषाणूच्या कवचाचं जनुक यीस्टच्या पेशीत घालून बनवतात. जे अक्षरज्ञान गाठ वाचायला लागतं, तेच लस बनवायला. भारतात ती आधी आयात व्हायची, गरिबाच्या आवाक्याबाहेरची. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस आणली आणि किंमत धडाधड उतरली. त्यानंतर काही वर्षांतच वॉक्हार्टनंही आपली लस आणली. त्या कंपनीचा जैवतंत्रज्ञानाचा प्रकल्प तर आमच्याच शहरातला. २०११ पासून देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी लसीकरणातून मोफत मिळू लागली. पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोठ्यांची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. माझी नात घाटीत जन्मली. तिच्या कार्डावर पहिल्याच दिवशी शिक्का पडला. अम्मीला वाचता येत नाही, पण तिनं ते कार्ड मागून घेतलं आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

तीन महिने संपले. पुन्हा तोच मंद दिवा, तेच जेल. ‘घ्या, धरा...’ आणि मी धरून राहिलो. ठिपका होता तिथेच होता, होता तेवढाच. आठ मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, ‘वाढला नाही, ही चांगली बातमी. पण आपण बघत राहू.’ पुढची तारीख कागदावर लिहून दिली. बाहेर आलो तर सिल्लोडचा एक जुना ओळखीचा आडत्या रांगेत बसला होता, हातात फाईल घेऊन, अवघडल्यासारखा. म्हणाला, ‘तुम्ही इथं कसे?’ मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याला विचारलं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं का?